खेळण्यांवरच्या माहितीपटाचे संकलन करताना आधी हात शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तुम्ही पाच जणांनी खेळण्यांवर माहितीपट चित्रित केला आहे, अकरा तासांचे चित्रीकरण हाताशी आहे, आणि त्यात क्रॉफर्ड मार्केटमधले घाऊक व्यापारी, दादर चौपाटीवरचा भिरभिरेवाला, सावंतवाडीच्या चितार आळीतले कारागीर, दोन प्राध्यापक आणि तुमच्यातल्या एकीची आजी एवढी माणसे आहेत. आता याचा वीस मिनिटांचा माहितीपट कसा करावा आणि तो महाविद्यालयाबाहेरच्या लोकांपर्यंत कसा न्यावा, हे तुम्हाला हवे आहे. मी मुंबईत बरीच वर्षे संकलनाचे काम करतो, आणि विद्यार्थिदशेत केलेला माझा पहिला माहितीपटही खेळण्यांवरचाच होता, म्हणून सविस्तर लिहितो.

खेळणे हातात असते तेव्हाच ते खेळणे असते, असे माझे ठाम मत आहे. फळीवर मांडलेले खेळणे दाखवले की तो दुकानातला माल होतो, आणि त्याच्याबद्दल कोणी खुर्चीत बसून बोलू लागले की तो परीक्षेचा विषय होतो. त्यामुळे अकरा तासांचे रशेस, म्हणजे न कापलेले कच्चे चित्रीकरण, पाहताना पहिली निवड चांगल्या वाक्यांची किंवा देखण्या शॉट्सची करू नका. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक वेगळी टाइमलाइन, म्हणजे शॉट ओळीने मांडायची पट्टी, उघडा, तिला ‘हात’ असे नाव द्या आणि ज्या ज्या शॉटमध्ये कोणाचा तरी हात खेळण्याला लागलेला आहे, मग तो कारागिराचा असो, विक्रेत्याचा असो, भाव विचारून खेळणे परत ठेवणाऱ्या वडिलांचा असो की मुलाचा, तो शॉट पूर्ण लांबीचा तिथे आणून टाका. मग आवाज बंद करून ते सगळे एका बैठकीत पाहा. तुमचा माहितीपट नेमका कशाबद्दल आहे, हे तेव्हा तुम्हाला मुलाखतींपेक्षा अधिक स्पष्ट दिसेल.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमचा माहितीपट कुर्ल्याच्या एका वस्तीत राहून फुग्याच्या पिपाण्या बनवणाऱ्या आणि त्या जत्रांमध्ये विकणाऱ्या एका काकांवर होता. पहिल्या कच्च्या संकलनात आम्ही सुरुवातीची चार मिनिटे एका अभ्यासकांना खेळण्यांच्या इतिहासावर बोलू दिले होते. ते बोलले चांगले, तरी वर्गात दाखवताना तिसऱ्या मिनिटाला मुलांनी मोबाइल बाहेर काढले. आमच्या सरांनी सगळे पाहून एवढेच विचारले, की काका पिपाणी गिऱ्हाइकाला देण्याआधी काय करतात, आणि पाच महिने त्यांच्यामागे हिंडलेल्या आम्हा चौघांपैकी कोणालाही ते सांगता आले नाही. पुन्हा रशेस पाहिले तेव्हा दिसले, की काका प्रत्येक पिपाणी आधी स्वतः फुंकतात, फुगा पुरता फुगू देतात, आवाज नीट निघाला की तोंडाकडची बाजू सदऱ्याच्या बाहीला दोनदा पुसतात आणि मगच ती मुलाच्या हातात देतात. मुलगा फुंकतो, फुगा काही फुगत नाही, तो आईकडे बघतो, पुन्हा गाल भरून फुंकतो आणि दमून तोंड बाजूला घेतो, तेव्हा फुग्यात गेलेली थोडीशी हवा बाहेर येताना पिपाणी एकदम वाजते आणि तो स्वतःच दचकतो. हा सगळा प्रकार बावन्न सेकंदांच्या एकाच शॉटमध्ये होता, आणि आम्ही त्याला ‘विक्री, इतर’ असे नाव देऊन बाजूला ठेवले होते. शेवटी आमचा माहितीपट त्याच शॉटने सुरू झाला, एकही कट न लावता.

तुमच्याकडेही असे शॉट नक्की असतील. सावंतवाडीला जाऊन आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने लाकडी फळांच्या रंगीत रांगा टिपलेल्या असतात. त्या सुंदर दिसतात, पण पाच सेकंदांत त्यांचे सांगणे संपते. त्याऐवजी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडावर काम करणारे हात दाखवा. तुम्ही लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, लाखकाम चालू असताना चित्रीकरण केले असेल, तर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवल्यावर घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि कोऱ्या लाकडावर रंगाचा पट्टा चढत जातो, तो क्षण कोऱ्या लाकडापासून पुरता रंग चढेपर्यंत तसाच ठेवा. मध्येच कारागिराच्या चेहऱ्यावर कट मारण्याचा मोह होईल, पण तो टाळा, कारण रंग कुठून आला हे प्रेक्षकाला त्याच्या डोळ्यांनी पाहू देणे हेच तिथे तुमचे काम आहे.

मुलांच्या खेळाबाबत मी याहून आग्रही आहे. मूल खेळत असते तेव्हा त्या खेळाला स्वतःची सुरुवात, अडखळणे आणि कंटाळणे असते, आणि त्याचे दोन-दोन सेकंदांचे तुकडे करून ते संगीताच्या ठेक्यावर लावले की जाहिरात तयार होते. मूल खेळणे फेकून देऊन खोक्याशी खेळू लागते, तो शॉट तर मुळीच कापू नका. चित्रीकरण अजून थोडे बाकी असेल, तर एक दिवस कॅमेरा जमिनीपासून दीड फुटावर ठेवा आणि काहीही न सांगता बसून राहा. मुलांच्या पालकांची लेखी संमती घ्याच, आणि एखाद्या मुलाने पाहिल्यावर ‘हे काढा’ म्हटले, तर ते काढा.

आता मुलाखतींकडे येऊ. प्रत्येक मुलाखत कागदावर शब्दशः उतरवून घ्या, वेळेच्या नोंदींसह. काम कंटाळवाणे असले तरी पाच जणांत वाटून घेतले तर चार-पाच दिवसांत होते. त्या कागदांवरच खुणा करा आणि प्रत्येक वाक्याला विचारा, की हे वाक्य आपल्या ‘हात’ टाइमलाइनमध्ये दिसते आहे का. दिसत असेल तर वाक्य नको, आणि दिसत नसेल, पण त्याशिवाय पुढचे समजणार नसेल, तरच ठेवा. या कसोटीवर प्राध्यापकांची बहुतेक वाक्ये गळतील असा माझा अंदाज आहे. त्यांना आधी फोन करून आदराने कल्पना द्या आणि श्रेयनामावलीत त्यांचे आभार माना. मुलाखत दिली म्हणून ती ठेवलीच पाहिजे, असे भिडेपोटी समजू नका.

क्रॉफर्ड मार्केटमधल्या व्यापाऱ्यांचे मात्र वेगळे आहे. माल महागला, चिनी खेळणी कमी झाली, असे ते म्हणाले असतील, तर त्यामागचे कारण प्रेक्षकाला कळले पाहिजे, आणि त्यासाठी सहा मिनिटांच्या विवेचनाऐवजी काळ्या पडद्यावरच्या चार ओळी पुरतात. खेळण्यांवरचे आयात शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले, मात्र हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना त्यातून सूट देण्यात आली. या ओळींनंतर लगेच चौपाटीवरचा भिरभिरेवाला दाखवलात, तर कोणत्याही नोंदवहीत नाव नसलेला माणूस या सगळ्यात कुठे बसतो, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात आपोआप येईल. निवेदकाने तो विचारण्याची गरज नाही.

आजींना शेवटी भावनिक समारोपासाठी राखून ठेवू नका. भातुकली, ठकी, पांगुळगाडा यांच्या आठवणी फार गोड असतात, पण ‘आमच्या वेळी’ या सुरात माहितीपट संपला की आजची मुले खेळतच नाहीत असे वाटू लागते, आणि तुमचेच रशेस त्याच्या विरुद्ध साक्ष देत असतील. आजींच्या हातात भातुकलीतले एखादे भांडे देऊन त्या ते कसे धरतात, हे चित्रित केलेले असेल, तर तेवढेच घ्या.

तांत्रिक बाबी थोडक्यात सांगतो. मोबाइलवरच्या चित्रीकरणात फ्रेमचा वेग बहुधा बदलता असतो आणि त्यामुळे लांब शॉटमध्ये आवाज हळूहळू ओठांपासून सरकतो, म्हणून संकलनाआधीच त्या फाइली स्थिर वेगाच्या करून घ्या. दा विंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती तुमच्या कामाला पुरेशी आहे. देवनागरी शीर्षकांतली जोडाक्षरे फुटत असतील, तर काही सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिपींसाठी वेगळी मांडणी निवडावी लागते, ते आधी तपासा. चित्रपटातले गाणे वापरू नका. त्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा आणि शब्द-चालीचा वेगळा असतो, आणि विद्यार्थ्यांचा प्रकल्प आहे म्हणून यूट्यूबवर ते चालवून घेतले जात नाही. आजी एखादे पारंपरिक बडबडगीत म्हणत असतील, तर त्यांच्याच आवाजातले ते कोणत्याही गाण्यापेक्षा जास्त काम करेल.

माहितीपट लोकांपर्यंत नेण्याबाबत पहिली गोष्ट म्हणजे तो पूर्ण झाल्याच्या आनंदात यूट्यूबवर टाकू नका. आम्ही तेच केले होते, आणि आधी कुठेही प्रदर्शित न झालेल्याच कलाकृती घेणाऱ्या एका महोत्सवाने प्रवेशिका न पाहताच परत पाठवली. वर्षभर तरी तो पासवर्ड लावलेल्या दुव्यावर ठेवा आणि प्रत्येक महोत्सवाची अट वाचून पाठवा. मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९९० मध्ये सुरू झाला, तो दर दोन वर्षांनी होतो आणि माहितीपट, लघुपट व ॲनिमेशन यांनाच वाहिलेला आहे, त्यामुळे त्याच्या तारखांवर लक्ष ठेवाच. इंग्रजी उपशीर्षके वेगळ्या फाइलमध्ये तयार ठेवा, आणि ती मराठी येणाऱ्याकडून आणि मराठी न येणाऱ्याकडून अशी दोघांकडून तपासून घ्या.

महोत्सवापेक्षा मला तुमचा खरा प्रेक्षक शिक्षकांमध्ये दिसतो. अरविंद गुप्ता यांच्या टाकाऊ वस्तूंपासून बनवलेल्या खेळण्यांमुळे महाराष्ट्रातल्या अनेक शिक्षकांनी खेळण्याकडे शिकण्याचे साधन म्हणून पाहायला सुरुवात केली, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर खेळण्यांतून शिक्षण हा विषय प्रशिक्षणांमध्येही आला आहे. मुंबईतली अध्यापक विद्यालये, बालवाड्या आणि पालकसभा यांना वीस मिनिटांचा माहितीपट आणि पुढे अर्धा तास गप्पा असा कार्यक्रम हवाच असतो. तिथे जाताना एका टेबलावर माहितीपटातली खेळणी मांडा आणि ‘हात लावू नये’ असे कुठेही लिहू नका. भिरभिरेवाल्यांना बोलावता आले तर बोलवा, त्यांच्या दिवसभराच्या कमाईएवढे मानधन आधी बाजूला काढून. वर्तमानपत्राच्या मुंबई पुरवणीला पाठवायचा मजकूर दीडशे शब्दांचा असावा आणि त्यात तुमच्या महाविद्यालयाऐवजी भिरभिरेवाला कोण, तो कुठून आला आणि दिवसाला किती भिरभिरी बनवतो हे पहिल्या दोन वाक्यांत यावे. बातमीदाराला तेच हवे असते.

मात्र कुठेही पाठवण्याआधी, संकलन पक्के करण्याच्याही आधी, माहितीपट त्यातल्या माणसांना दाखवा. आम्ही काकांच्या चाळीच्या अंगणात पांढरी चादर बांधून तो दाखवला होता. वस्तीतली मुले पुढे बसली होती, काका मागे उभे होते, आणि तो बावन्न सेकंदांचा शॉट सुरू झाल्यावर मुले हसली, पण काका म्हणाले, “हा आवाज माझ्या पिपाणीचा नाही.” ते बरोबर होते. मूळ शॉटमध्ये बसचा हॉर्न आल्यामुळे आम्ही कुठल्याशा ध्वनिसंग्रहातला शिट्टीचा आवाज तिथे बसवला होता, आणि महिनाभरात आमच्यापैकी किंवा आमच्या शिक्षकांपैकी कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते. त्याच रात्री अकरानंतर, रस्ता जरा शांत झाल्यावर, आम्ही त्यांच्या खोलीत रेकॉर्डर लावून बसलो. काकांनी सहा पिपाण्या एकेक करून वाजवल्या, त्यांतल्या दोन स्वतःच बाद केल्या, उरलेल्या चारांतली एक निवडली, आणि ती बाहीला पुसून आमच्या हातात दिली. पुढे सगळीकडे गेलेल्या प्रतीत तोच आवाज आहे.