पाय आधी, हात मागाहून

प्रिय बाळ,

बास्केटबॉलच्या सामन्यात पहिल्या हाफमध्येच चार फाऊल, मग बेंच, आणि आता तू विचारतोस, "सर, उंची कमी म्हणून होतं का?" उंचीचा काय संबंध लेका? फाऊल हातांनी केलेस. आणि हात पुढे गेले, कारण पाय पोचले नव्हते.

बचावात उभं राहण्यापासून बघ. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर, डोकं चेंडूवाल्याच्या डोक्याच्या खाली. नजर त्याच्या कमरेवर. डोळे, खांदे, चेंडू सगळे हूल देतात. डावीकडे जायचंय तर उजव्या पायाने जमीन रेट. पोरं पुढचा पाय टाकून मागचा ओढत आणतात. टाचा जुळतात, अंग वर उठतं आणि तेवढ्यात तो बाजूने निघतो. मग हात. मग शिट्टी.

निघालाच तर सरकत बसू नकोस. कंबर वळव, सरळ पळ, त्याच्या पुढची जागा धर. नियमसुद्धा पायांचीच बाजू घेतो: त्याच्याकडे तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर टेकवलेस की जागा तुझी. मग बाजूला किंवा मागे सरकताना तो छातीवर आदळला, तर फाऊल त्याचा.

शूटरवर जाताना शेवटची दोन-तीन पावलं बारीक टाक, एक हात वर. चेंडू काढायचाच तर खालून वर टोच. वरून मारलेली थाप रेफरीला लांबूनही दिसते. ब्लॉकचं वेड मला कळतं. पण अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये 13 हंगामांत 11 विजेतेपदं मिळवणारा बिल रसेल अडवलेला चेंडू कोर्टातच ठेवून सोबत्यांकडे वळवायचा. बाहेर भिरकावलास तर चेंडू पुन्हा त्यांचाच.

सराव एकच. पंचा मानेमागून घेऊन दोन्ही टोकं धर. रिंगखालचा पट्टा 4.9 मीटर रुंद असतो. या रेघेपासून त्या रेघेपर्यंत 30 सेकंद सरक, 45 सेकंद दम खा, असं सहा वेळा. फेऱ्या मोजू नकोस, टाचा किती वेळा जुळल्या ते मित्राला मोजायला लाव. सिमेंटचं कोर्ट आधी झाडून घे, बुटांचे तळ ओल्या फडक्याने पूस. धुळीत रेटणारा पायच घसरतो आणि जांघ धरते. एप्रिल-मेमध्ये सकाळी सहाला सुरू, आठच्या आत बंद.

"तुमच्याकडे दुसरं काही नाहीच का?" असं पोरं म्हणतात. नाहीये! परभणी-नांदेडकडे साडेसहा फुटी पोरं काही शेतात उगवत नाहीत. पाय मात्र प्रत्येकाला आहेत, आणि ते वापरायला मी स्वतःही फार उशिरा शिकलो, म्हणून इतका कावतो.

रविवारी पंचा घेऊन ये. चेंडू आणू नकोस.