अंगणात टर्की पाळता येतात का आणि ते अंगावर येतात का?

जरूर पाळता येतात. लहानपणापासून माणसांत वाढलेल्या टर्कींना माणसाचा चांगलाच लळा लागतो आणि ते अंगणभर मागे मागे फिरतात. मात्र हा कळपात राहणारा पक्षी असल्याने एकटा ठेवणे मला क्रूरपणाचे वाटते.

नराची मनःस्थिती त्याच्या डोक्यावरून ओळखता येते. एरवी चोचीच्या मुळाशी आखडून बसलेली मांसल सोंड तो उत्तेजित झाला की लांबून चोचीखाली लोंबू लागते, डोके व मान कधी लाल, कधी निळी, कधी पांढरट होते, शेपटी फुलते आणि पंखांची टोके जमिनीवर घासत तो डौलाने चालू लागतो. हे बहुधा मादीसाठीचे प्रदर्शन असते, हल्ला नव्हे. विणीच्या हंगामात मात्र काही नर माणसालाही प्रतिस्पर्धी समजून धावून येतात, म्हणून त्या काळात लहान मुलांना त्यांच्याजवळ एकटे सोडू नये.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो: कोंबड्या आणि टर्की एकाच आवारात ठेवू नयेत, कारण कोंबड्यांच्या आतड्यातील कृमींच्या अंड्यांतून पसरणारा ‘ब्लॅकहेड’ हा रोग कोंबड्या सहसा सोसतात, परंतु टर्कींचा त्यात बळी जातो.