न उडणाऱ्या हेलिकॉप्टरसाठी एवढे कष्ट कशाला?

वाचकांचे प्रश्न. उत्तरं देत आहेत हवाई दलातले एक निवृत्त एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा दुरुस्त करणारे कारागीर.

प्रश्न : मी मूळची कराडची, सध्या मुलीकडे अमेरिकेत, टेक्ससमध्ये आले आहे. इथे गावच्या मेळाव्यात एका लांब ट्रेलरवर जुनं हिरवं लष्करी हेलिकॉप्टर ठेवलं होतं. पंचाहत्तरी ओलांडलेले चार-पाच माजी सैनिक खुर्च्या टाकून शेजारी बसले होते आणि मुलांना आत चढू देत होते. एक वृद्ध गृहस्थ आले, दाराच्या कडेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि रडू लागले. जावई म्हणाले, यात इंजिनही नाही, हे कधीच उडणार नाही. मग या वयात एवढे कष्ट आणि पैसा कशासाठी? त्यापेक्षा एखादं स्मारक बांधता आलं नसतं का?
– एक वाचक

उत्तर : ताई, तुम्ही पाहिलंत ते बहुधा बेल कंपनीचं यूएच-१, ज्याला सगळे ‘ह्यूई’ म्हणतात. १९५६ मध्ये त्याचं पहिलं उड्डाण झालं. पुढे जगभरासाठी अशी १६ हजारांहून अधिक हेलिकॉप्टरं बनली. त्यांतली सुमारे ७ हजार व्हिएतनामच्या युद्धात होती आणि सुमारे ३,३०० तिथेच नष्ट झाली.

त्या युद्धात ठरलेली अशी आघाडी नव्हती. जंगल, भातखाचरं आणि सुरुंग पेरलेले रस्ते. जवानाला जंगलात उतरवायचं ह्यूईनं. पाणी, दारूगोळा, घरची पत्रं आणायची ह्यूईनं. जखमी झाला तर त्याला उचलायचं ह्यूईनं, आणि मेला तर त्याचा देहही त्यातूनच परत यायचा. जखमींना नेणाऱ्या हेलिकॉप्टरांना ‘डस्टऑफ’ म्हणत. त्यांचे एक प्रमुख, मेजर चार्ल्स केली, १ जुलै १९६४ रोजी गोळीबार चालू असताना जखमींना न्यायला उतरले. परत जा असं सांगूनही, जखमी हाती आल्याशिवाय हलणार नाही, असं त्यांनी कळवलं आणि तिथेच मारले गेले. तुम्ही पाहिलेले गृहस्थ कदाचित त्या दारातून कधी आत ओढले गेले असतील. किंवा त्यांनी कुणाला तरी आत ओढलं असेल.

आता स्मारकाचं. वॉशिंग्टनला १९८२ पासून काळ्या दगडाची भिंत उभी आहे. तिच्यावर ५८ हजारांहून अधिक नावं आहेत, सगळी मेलेल्यांची आणि बेपत्ता झालेल्यांची. ती हवीच होती. पण जे जिवंत परतले त्यांची जागा त्या भिंतीवर नाही. युद्धाबद्दल देशात राग होता. अनेकांचं स्वागत झालं नाही आणि कित्येकांनी घरातही त्याबद्दल कधी तोंड उघडलं नाही. अशा माणसाला ‘युद्धात काय झालं?’ असं विचारलं तर तो उठून जातो. ‘तुम्ही यात कुठे बसायचात?’ असं विचारलं तर तो बोट दाखवतो आणि मग बोलायला लागतो. म्हणून हेलिकॉप्टर हवं. आणि ट्रेलर का, तर चाकाच्या खुर्चीतला लहान गावातला म्हातारा वॉशिंग्टनला जात नाही. हे त्याच्या गावात येतं. माझ्या मते त्या खर्चाचं एवढं एकच कारण सांगितलं तरी पुरे आहे.

सगळीच न उडणारी नसतात. ०९१ क्रमांकाचं ह्यूई युद्धात पाडलं गेलं होतं. ते दुरुस्त होऊन पुन्हा युद्धात गेलं, आणि २००२ मध्ये माजी सैनिकांना व त्यांच्या कुटुंबांना भेटत देशभर उडत फिरलं. आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. इंडियाना राज्यातल्या पेरू या गावच्या माजी सैनिकांनी ३६९ क्रमांकाचं ह्यूई उडतं केलं. याउलट १७४ हे जखमींना नेणारं हेलिकॉप्टर १४ फेब्रुवारी १९६९ ला पाडलं गेलं. त्याच्या सांगाड्यावर एका कलाकारानं चित्रं काढली आणि ते ट्रेलरवरून गावोगाव नेलं.

कामाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण माझा हात त्यातच गेला, म्हणून सांगतो. जुनी लष्करी सामग्री संग्रहालयांना, नगरपालिकांना आणि माजी सैनिकांच्या संघटनांना देण्याची तरतूद अमेरिकी कायद्यात आहे. हाती येतो तो बहुतेकदा ओरबाडलेला सांगाडा. वायरी कापलेल्या, मीटर काढलेले, टेल बूममध्ये, म्हणजे मागच्या लांब शेपटीत, पाखरांची घरटी. मीटर शिल्लक असतील तर आधी तपासावे लागतात, कारण जुन्या लष्करी विमानांच्या काही तबकड्यांवर रेडियमचा रंग असे. ॲल्युमिनियम गंजत नाही असं लोक समजतात. ते गंजतं, पांढरी भुकटी धरतं आणि रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्याच्या, डोक्याखालून पत्रा खातं. ह्यूईच्या काही भागांत दोन पातळ पत्र्यांमध्ये मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी चिकटवलेली असते. तिच्यात पाणी शिरलं की पत्रा सुटतो, वरून मात्र काही दिसत नाही. ते शोधायला आम्ही नाणं घेऊन पत्र्यावर टकटक करत जायचो, बाजारात बायका मडकं वाजवून घेतात तसं. चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. सत्तरीतला माणूस हातात नाणं घेऊन, कान लावून, इंचाइंचानं पुढे सरकताना मला डोळ्यांसमोर दिसतो. त्याला ते कुणी शिकवावं लागत नाही.

गोळ्यांच्या भोकांवर युद्धातच मारलेली ठिगळं कधी कधी सापडतात. ती घासून सपाट करू नयेत असं माझं ठाम मत आहे. ज्या मेकॅनिकनं रात्री टॉर्चच्या उजेडात ते ठिगळ मारलं आणि सकाळी त्याच हेलिकॉप्टरच्या दारात मशीनगन घेऊन बसला, त्याची ती सही आहे. ह्यूईवर क्रू चीफ दोन्ही कामं करायचा, दुरुस्तीही आणि लढाईही. आम्ही हवाई दलात एफ-७०० या नोंदवहीत सही करून विमान सोपवायचो आणि ते परतेपर्यंत आकाशाकडे बघत राहायचो. तो मात्र स्वतःच्या सहीवर स्वतःच उडायचा. या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

ट्रेलरचं गणित वेगळंच. अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनाची रुंदी साधारण साडेआठ फूट आणि बहुतेक राज्यांत उंची साडेतेरा फूट इतकीच चालते. मुख्य रोटर, म्हणजे वरचा फिरणारा पंखा, ४८ फुटांचा. त्यामुळे ट्रेलर बुटका लागतो, आणि बऱ्याचदा पाती उतरवून न्यावी लागतात किंवा आखूड नकली पाती बसवतात.

एक गोष्ट विसरू नये. व्हिएतनाममधल्या हो चि मिन्ह शहराच्या युद्ध संग्रहालयाच्या अंगणातही एक ह्यूई उभं आहे. तिथल्या गावकऱ्यांना ह्यूईचा आवाज आला की पळावं लागे. टेक्ससमधले म्हातारे रडतात तेही खरं आणि हेही खरं. मुलांना आत बसवणाऱ्यांनी दोन्ही सांगावं.

प्रश्न : मी नाशिकला अभियांत्रिकीला आहे. ह्यूईचा ‘थप-थप’ आवाज इतका वेगळा का? आमच्याकडे गांधीनगरच्या बाजूला लष्कराची चेतक हेलिकॉप्टरं उडतात, त्यांचा तसा येत नाही.
– एक विद्यार्थी

उत्तर : ह्यूईला दोनच पाती, आणि तीही रुंद. रोटर मिनिटाला सुमारे ३२४ फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला साधारण ११ ठोके. ४८ फूट व्यास धरून गणित कर, पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २५० मीटर येतो. त्यात पुढे जाण्याचा वेग मिळवला की पुढे येणारं पातं आवाजाच्या वेगाच्या जवळ पोचतं आणि हवा दाबली जाते. शिवाय उतरताना एक पातं आधीच्या पात्यानं सोडलेल्या भोवऱ्यावर आपटतं. चेतकला तीन पाती आहेत, अरुंद, आणि रोटर फक्त ११ मीटरचा. म्हणून त्याचा आवाज सलग लागतो.

प्रश्न : आमची सातारा जिल्ह्यातली माजी सैनिक संघटना. निवृत्त चेतक मिळवून शाळाशाळांतून फिरवावं असं मनात आहे. जमेल का?
– एक निवृत्त सुभेदार

उत्तर : सुभेदारसाहेब, जय हिंद. विचार फार चांगला आहे. आपल्याकडेही निवृत्त विमानं आणि रणगाडे संस्थांना प्रदर्शनासाठी दिले जातात. सुरुवात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापासून करा, अर्ज कुणाकडे जातो ते तिथे विचारा. चेतक फिरवायला ह्यूईपेक्षा सोपं आहे. त्याला ह्यूईसारख्या स्किड, म्हणजे खालच्या घसरपट्ट्या, नाहीत, तीन चाकं आहेत. रोटरची पाती मागे दुमडता येतात. सांगायलाही पुष्कळ आहे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या मुक्तिवाहिनीच्या ‘किलो फ्लाइट’ या हवाई तुकडीत याच जातीचं एक सशस्त्र हेलिकॉप्टर होतं.

पण मागण्याआधी सांभाळायचं कसं ते ठरवा. आपल्या डोळ्यांदेखत ‘विक्रांत’ गेली. १९७१ च्या युद्धात लढलेली ती जुनी युद्धनौका मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२ मध्ये ते बंद झालं आणि २०१४ मध्ये नौका तोडायला घेतली. लोकांचं प्रेम कमी नव्हतं, देखभालीचा पैसा दरवर्षी लागतो तो उभा राहिला नाही. मला ते आजही लागतं.

म्हणून आधी पत्र्याची शेड बांधा, कारण तुमच्याकडचा पाऊस उघड्यावरच्या ॲल्युमिनियमला सोडणार नाही. पोटाखाली पाणी निथळायची भोकं असतात, ती दर महिन्याला तारेनं मोकळी करा. दारं-खिडक्यांना जाळी लावा, नाहीतर मधमाश्या पोळं करतील. आणि संघटनेत हवाई दलातला किंवा आर्मी एव्हिएशनमधला एखादा जुना फिटर असेल तर त्याला अध्यक्षाइतका मान द्या. ट्रेलरवर चढवायच्या दिवशी कळवा, मी माझं रिव्हेटचं सामान घेऊन येतो.