टीव्ही ॲपचं ऑटोमेशन: सुरुवात रिमोटपासून कर

भाऊ, नागपूरच्या मिहानमध्ये टीव्ही ॲपच्या टेस्टिंगला लागलास, मस्त काम मिळालं. मोबाइलचं ॲपियम (ॲप आपोआप चालवून तपासायचं टूल) येतं म्हणतोस, म्हणजे अर्धं काम झालंच आहे. क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून दुरून चालवायचा, टीव्ही दिसला की सगळे आधी टॅप करून पाहतात. तीच पहिली चूक. टीव्हीला रिमोट लागतो, आणि रिमोटवर सगळा खेळ फोकसचा, म्हणजे स्क्रीनवर आत्ता काय निवडलेलं आहे त्याचा.

अँड्रॉइड टीव्हीवर खाली जायचा की-कोड (बटणाचा नंबर) २०, उजवीकडे २२, ओके २३. एक बटण दाब, मग हव्या त्या एलिमेंटचा (स्क्रीनवरचं बटण, पोस्टर वगैरे) 'फोकस्ड' ट्रू झाला का ते बघ, मगच पुढचं बटण. सलग पाच वेळा 'उजवीकडे' पाठवलंस आणि होम स्क्रीनवर एक नवीन बॅनर आला, की टेस्ट भलत्याच सिनेमावर जाऊन ओके दाबते!

आणखी थोडं:

- ठोकळेबाज स्लीप (ठरावीक सेकंद नुसतं थांबणं) टाकू नको. एलिमेंट दिसेपर्यंत थांबणारा वेट लाव.
- व्हिडिओ चालतोय का, हे स्क्रीनशॉटवर ठरवू नको. डीआरएम (व्हिडिओची कॉपी रोखणारं कुलूप) असला की चित्र बहुधा काळंच येतं. प्लेअरची वेळ पुढे सरकते का ते तपास.
- क्लाउडमधला टीव्ही नागपुरात नसतो, कदाचित भारतातही नसेल. मराठी कॅटलॉग दिसला नाही तर बग टाकण्याआधी लोकेशन बघ.
- टेस्ट फेल झाली तरी सेशन (क्लाउडच्या टीव्हीशी जोडणी) बंद झालंच पाहिजे, नाहीतर क्लाउडची मिनिटं जळत राहतात.

टायझेन (सॅमसंग टीव्हीची सिस्टिम), वेबओएस (एलजीची), पॅरलल रन (एकाच वेळी अनेक टेस्ट) सध्या राहू दे. एकाच अँड्रॉइड टीव्हीवर लॉगिन, शोध आणि प्ले एवढंच पक्कं कर. अडलास तर सेशनचा व्हिडिओ आणि लॉग पाठव, बसून बघू.