लहान बाळ असलेल्या तरुण जोडप्याला घरात जागा द्यावी का? द्या, पण किराया घेऊन आणि कागद करून

तुम्ही विचारलं आहे की नागपुरात मानेवाड्याच्या तुमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, ओळखीच्या एका जोडप्याला दोन महिन्यांचं बाळ आहे, आंतरजातीय लग्न केल्यामुळे दोन्ही घरांनी त्यांना दूर केलंय आणि कुणी किरायानं खोली देत नाही. त्यांना ठेवून घ्यावं का? आणि सासूबाई म्हणतात तसं ते नंतर निघालेच नाहीत तर?

ठेवून घ्या. आमच्या घरी अशी कुटुंबं राहून गेली आहेत, त्या अनुभवावरून सांगते.

खोली शोधायला निघालं की या पोरांना आधी आडनाव विचारतात. त्यावरून अंदाज आला नाही तर गाव, मग "घरचे कोणी येत नाहीत का?" दीक्षाभूमीच्या शहरात हे आजही चालतं, याचा मला फार राग येतो. तुम्ही यातलं काही विचारू नका. दोघांची ओळखपत्रं आणि वयं मात्र जरूर बघा. मुलगी १८ च्या आतली निघाली तर गोष्ट वेगळी. तिला गुपचूप घरात ठेवण्यात तिचं भलं नाही. १०९८ वर फोन करा, पुढचं बालकल्याण समिती बघते.

फुकट द्यावंसं वाटेल, पण देऊ नका. फुकटात राहणारी मुलगी नळ सोडतानाही तुमच्या चेहऱ्याकडे बघते. किराया भरणारी आपल्या खोलीची कडी लावून निवांत बाळाला पाजते. किराया त्यांना झेपेल एवढाच ठेवा, पण आकडा ठरलेला असू द्या आणि पैसे खात्यावर घ्या. स्वयंपाकाचा ओटा वेगळा असेल तर उत्तम. गॅसचं कनेक्शन नसेल तर ५ किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो.

नागपुरात सगळ्यात आधी विजेचं बोलून घ्या. एका मे महिन्यात मी दुपारी ताक घेऊन आमच्याकडच्या अशाच एका जोडप्याच्या खोलीत गेले, तर कूलर बंद. बाळाच्या अंगावर ओलं फडकं, मानेच्या वळ्यांत घामोळं उठून लाल झालेलं, आणि आई वर्तमानपत्रानं वारा घालत बसलेली. बाहेर पारा ४५ च्या वर. कूलर बिघडला का विचारलं तर म्हणाली, "नाही काकू, बिल तुमच्या नावावर येते ना." तेव्हापासून आमच्याकडे एप्रिल ते जूनची वीज किरायातच धरलेली असते आणि कूलर दिवसभर चालू ठेवा असं मी पहिल्याच दिवशी सांगते. तुमच्या खोल्या वर आहेत, म्हणजे स्लॅब थेट तापणार. मार्चमध्येच गच्चीला चुना मारून घ्या, आणि घरात सोय होत असेल तर उन्हाळ्यापुरती खालची एक खोली त्यांना द्या. कूलरचं पाणी आठवड्याला पूर्ण उपसून टाकी घासा, डेंग्यूचे डास तिथेच होतात.

आता सासूबाईंची भीती. ती उगाच नाही, पण तिच्यावर इलाज आहे. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार करा आणि तो नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, ११ महिन्यांचा असला तरी, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. नुसतं नोटरी करून भागत नाही. मुदत संपूनही कुणी खोली सोडली नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि त्या काळाचे पैसे ठरल्याच्या दुप्पट दरानं मागता येतात. मुद्रांक शुल्क मुदतीतल्या एकूण किरायाच्या साधारण ०.२५ टक्के, शहरात नोंदणी फी १,००० रुपये. आधार आणि अंगठ्याच्या यंत्रावर घरबसल्या काम होतं. हा खर्च तुम्ही करा. पोलीस ठाण्यातही भाडेकरूची माहिती द्या. नोंदवलेला करार त्यांच्याही कामाचा आहे. आधारमध्ये पत्ता म्हणून तोच दाखवता येतो.

माहेरचं किंवा सासरचं कुणी दारात येऊन धमकावू लागलं तर स्वतः वाद घालत बसू नका, ११२ लावा. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१८ मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष उभारायचे निर्देश दिले आहेत. पोलिसांशी बोलताना त्याचा उल्लेख करा.

बाळाचं म्हणाल, तर दीड महिन्याची लस झाली का ते विचारा. धावपळीत तीच राहून जाते. राहिली असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात मोफत देतात, आधीची दुसरीकडे घेतली असली तरी चालतं. अंगणवाडीत आई आणि बाळ दोघांची नावं घाला. बाकी घुटी, कानात तेल, मध यांचे सल्ले शेजारच्या बायका देतीलच, आणि मध तर वर्षाच्या आत द्यायचाच नसतो. तिची आई जवळ नाही म्हणून आपण आई होऊन बसायची फार इच्छा होते. ती आवरा. एवढंच सांगा की सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, आपल्या उन्हाळ्यातही नाही. बाळाऐवजी तिला पाणी, ताक, वेळेवर जेवण मिळतंय का ते बघा. नवरा रात्रपाळीला असेल तर तिला एकदा झोप काढता यावी म्हणून तास-दोन तास बाळ घ्या, तेही तिला विचारून.

कराराच्या नवव्या महिन्यातच पुढचं बोला, करार वाढवायचा की दुसरी खोली बघायची ते. आणि ते जायला निघाले की अनामत रक्कम त्याच दिवशी हातात द्या, नव्या घराची अनामत त्यांना त्यातूनच भरायची असते.