आईचे ‘इश्कोल’ आणि आईची ‘शाळा’

एकाने विचारले आहे: ‘माझी आई ८५ वर्षांची, गोव्यातल्या फोंड्याकडची. तिच्या लहानपणच्या गोष्टी मी वहीत उतरवून घेतो. ती कधी इश्कोल म्हणते, कधी शाळा. इश्कोल हा स्कूलचा अपभ्रंशच ना? सगळीकडे शाळा लिहिले तर चालेल?’

तसे कृपा करून करू नका. त्या दोन जागा वेगळ्या होत्या.

आधी शब्द. इश्कोल इंग्रजीतून आलेला नाही, तो पोर्तुगीज ‘एस्कोला’. लिहिताना एस्कोला, पण बोलताना पोर्तुगीज माणूस ‘इश्कोला’च्या जवळचे काहीतरी म्हणतो. शेवटचा ‘आ’ आपल्याकडे गळतो: जानेलाचे जनेल (खिडकी), सालाचे साल (दिवाणखाना), फिताची फीत. फीत तर पुण्यातही आहे! देशावर ऐकू येणारे ‘इस्कूल’ मात्र इंग्रजी. तिथे सुरुवातीचे ‘स्क’ जिभेला जड जाते म्हणून आपण पुढे ‘इ’ जोडली; इश्कोलातला स्वर मुळातलाच आहे. मागे जाल तर दोन्ही लॅटिन ‘स्कोला’पाशी भेटतात.

आता तुमच्या आईची गोष्ट. १९६१ पूर्वीच्या, पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यात इश्कोल म्हणजे सरकारी, पोर्तुगीज शिकवणारे. ‘प्रिमेर ग्राव’, ‘सेगुंद ग्राव’ (पहिली आणि दुसरी पायरी) या प्राथमिक परीक्षा तिथल्या. शाळा म्हणजे मराठी: गावकऱ्यांनी चालवलेली, देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांच्या उतरण्याच्या जागेत) किंवा कुणाच्या तरी ओसरीवर भरणारी. अनेक मुले दोन्हीकडे जात. माझी आई सांगायची, “हांव सकाळीं इश्कोलांत वतालें, सांजे शाळेंत.” (मी सकाळी इश्कोलात जायचे, संध्याकाळी शाळेत.) मी पहिल्यांदा हे वाक्य ऐकले तेव्हा मलाही वाटले, ती तेच दोनदा सांगते आहे. मग तिने शाळेतली पावकी, निमकी, दिडकी (अपूर्णांकांचे पाढे) म्हणून दाखवली, आणि लगेच बोटांवर मोजत इश्कोलातले आकडे: “उं, दोयश, त्रेश...” त्या दोयश-त्रेशच्या शेवटी ऐकू येतो तोच ‘श’ इश्कोलात आहे. म्हणून वहीतही ‘श’च राहू द्या.

१९६१च्या मुक्तीनंतर पोर्तुगीज माध्यमाचे सरकारी शिक्षण संपले, सरकारी मराठी शाळा निघाल्या. आज कोकणीत कुठल्याही शाळेला इश्कोल म्हणतात, त्यामुळे आपल्या पिढीच्या कानांना हा फरक कळत नाही. तुमच्या आईच्या पिढीला तो पक्का ठाऊक आहे. ती ‘इश्कोल’ म्हणाली की तिथेच थांबून विचारा: कुठल्या वाटेने जायचीस, पाटी न्यायचीस की वही, शिकवायला कोण होते? नंतर ‘शाळे’विषयी हेच विचारा. सरस्वतीपूजन कुठे व्हायचे हेही विचारा. माझी आई त्या दिवसाबद्दल बोलू लागली की संध्याकाळ जायची.