'हा का राहिला?' हे आधी विचार

अरे,

तुझा मेसेज वाचला. बास्केटबॉलचा असिस्टंट कोच झालास, तेही इंडियानात, मस्तच. पगाराचं काही विचारत नाही, डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे कॉलेज स्पोर्ट्सच्या तिसऱ्या पातळीवरच्या, छोट्या कॉलेजात सुरुवातीला घरभाडं निघालं तरी मिळवलं. आणि हेड कोचने तुला रिक्रूटिंग, म्हणजे नवी पोरं शोधून आणायचं काम, दिलं म्हणजे खरं तर ड्रायव्हिंग दिलं, हे एव्हाना कळलंच असेल.

तू विचारलंस की कुणाच्या नजरेत न आलेली हायस्कूलची पोरं शोधायची कशी. बघ, शोधणं एवढं अवघड नाहीये. इंडियानात शुक्रवारी रात्री गावोगावची जिम भरलेली असतात, न्यू कॅसलच्या शाळेच्या जिममध्ये तर आठ हजारांवर माणसं बसतात, म्हणजे पोरं काही लपून खेळत नाहीत, सगळ्यांसमोरच खेळतात. अवघड काय आहे, तर हा पोरगा कुणी न घेता मागे राहिला तो का राहिला, हे ओळखणं. कारण बऱ्याचदा तो बरोबरच राहिलेला असतो रे. बावीस पॉइंट मारतो पण समोरची टीम कच्ची, डिफेन्सला पाय हलत नाहीत, बॉल गेला की हात वर करून रेफ्रीकडे बघत बसतो. असा 'हिरा' सापडला म्हणून हेड कोचला रात्री अकराला फोन करू नकोस. वहीत प्रत्येक नावापुढे लिही, का राहिला, आणि ते कारण दोन वर्षांत जाण्यासारखं आहे का. जाण्यासारखं असेल तरच मागे लाग.

तुझ्याच राज्यातलं उदाहरण घे, लॅरी बर्ड, पुढे एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग, गाजवलेला. फ्रेंच लिक नावाच्या छोट्याशा गावातला पोरगा, 1974 मध्ये इंडियाना युनिव्हर्सिटीत गेला आणि महिना व्हायच्या आत घरी परत आला, एवढं मोठं कॅम्पस, खिशात पैसे नाहीत, जमलंच नाही. गावात नगरपालिकेच्या कामाला लागला, कचऱ्याच्या गाडीवर वगैरे. आता अशा पोराबद्दल लोक काय म्हणणार, डोक्याने कच्चा आहे, टिकणार नाही. इंडियाना स्टेटचा असिस्टंट बिल हॉजेस मात्र त्याच्या घरी जात राहिला, आईने सुरुवातीला वाटेला लावलं तरी. शेवटी बर्ड तिथे खेळायला आला, आणि 1979 ला तीच टीम एकही मॅच न हरता फायनलला पोचली, हरली ती फक्त मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटकडून. बर्ड काही अनोळखी नव्हता, सगळ्यांना माहीत होता. पण तो मोठ्या कॅम्पसवर टिकला नाही याचं कारण छोट्या कॉलेजात उरणार नव्हतं. आणि तुझं कॉलेज छोटंच आहे, हे विसरू नकोस, तीच तुझी विकायची वस्तू.

एनबीएतल्या जा मोरांटची गोष्ट तुला कुणीतरी ऐकवलीच असेल, मरे स्टेटचा असिस्टंट जेम्स केन साउथ कॅरोलिनातल्या एका कॅम्पला दुसऱ्याच पोराला बघायला गेला, काहीतरी खायला शोधत फिरताना मागच्या जिममधून बॉलचा आवाज आला, आत तीन-तीनचा खेळ चाललेला आणि त्यात हा. सगळे म्हणतात नशीब. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते, मोरांट एकेकाळी पुढे एनबीएत गेलेल्या झायन विल्यमसनबरोबर एकाच एएयू टीममध्ये (शाळेबाहेरच्या क्लब टीममध्ये) खेळलेला, म्हणजे मोठमोठे कोच त्या टीमचं नाव ऐकून होतेच, तरी हा राहिला, कारण अंगाने काडी होता. काडी असणं हे जाण्यासारखं कारण. 2019 ला एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, दुसरा गेला.

उंचीचं पण तसंच. पुढे एनबीएत गाजलेला स्कॉटी पिपेन सेंट्रल आर्कन्सॉच्या कॉलेजला आला तेव्हा 6 फूट 1 इंच होता, टीमचं मॅनेजरचं काम करायचा, नंतर 6 फूट 8 इंचांपर्यंत गेला. डेरिक व्हाइटला कोलोरॅडो स्प्रिंग्सच्या डिव्हिजन टू कॉलेजने घेतलं, तिथे वाढला, मग मोठ्या युनिव्हर्सिटीत गेला, 2024 ला सेल्टिक्सबरोबर एनबीए चॅम्पियन. म्हणून जन्मतारीख विचार, बुटाचा नंबर विचार, आईची उंची बघ, वर्गात सगळ्यात लहान असलेली पोरं नीट बघ. पण वाढेल या भरवशावर कुणालाही घेऊ नकोस, बहुतेक पोरं वाढत नाहीत. आहे त्या उंचीवर तुझ्या टीमला चालेल का, एवढंच बघ, वाढला तर बोनस.

गावाकडच्या शाळांमध्ये अजून एक गंमत असते. पोरगा 6 फूट 3 इंच, वर्गात तोच उंच, म्हणून बिचारा चार वर्षं बास्केटखाली सेंटर खेळतो. कॉलेजात त्याला गार्ड, म्हणजे बाहेरून बॉल घेऊन खेळ चालवणारा, व्हावं लागणार, आणि गार्डचं काम करताना तो कुणाला दिसलेलाच नाही. अशावेळी मॅच नको बघूस, प्रॅक्टिसला जा, वॉर्मअपला लवकर जा, बॉल दोन्ही हातांनी चालतो का बघ. अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात घोटा मोडला म्हणून राहिलेले असतात, एएयूच्या फिया आणि हॉटेलं परवडत नाहीत म्हणून राहिलेले तर कितीतरी. हायलाइट व्हिडिओ बघून काही ठरवू नकोस, त्यात सगळेच स्टीफ करी असतात. पूर्ण मॅच माग, तीही हरलेली. आणि त्याच्या कोचला विचारण्यापेक्षा समोरच्या टीमच्या कोचला विचार की तुम्ही कुणासाठी डिफेन्स बदललात. ते नाव बऱ्याचदा टॉप स्कोअररचं नसतं.

व्हिडिओच्याही आधी मार्कशीट माग. आवडला, घरी जाऊन आलो, आणि मग कळलं की ॲडमिशनच होत नाही, यात पोराचे हाल जास्त होतात.

आता पैशाचं, हे नीट वाच. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच, एक डॉलर नाही. मार्कांवर मिळते, घरच्या उत्पन्नावर मिळते. पण तू घरी जाऊन 'आम्हाला तुमचा मुलगा हवाय' म्हणालास की आईबापांना ऐकू येतं 'फुकट शिक्षण'. त्यामुळे पहिल्याच फोनला सांगून टाक, फॅफ्सा (सरकारी शिक्षणमदतीचा अर्ज) भरायला लाव, आणि फायनान्शियल एडच्या ऑफिसमधून खरा आकडा येईपर्यंत कुठलंही वचन नको. आपली देशी आईबाप वेगळी केस, त्यांना आधी मेजर (मुख्य विषय) कुठलं ते सांगायचं, बास्केटबॉलचं चहा झाल्यावर.

ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीमुळे, तुझं काम सोपं झालंय आणि वाईटही. 2021 पासून कॉलेज बदललं तरी एक वर्ष बाहेर बसावं लागत नाही, त्यामुळे वरचे कोच सतरा वर्षांच्या पोरापेक्षा बावीस वर्षांचा तयार माणूस घेतात, आणि ज्या पोराने पूर्वी तुझा फोन उचललाही नसता ते आता तुझ्याकडे येतं. चिडलेलं येतं. त्याला 'वरच्यांना दाखवून देऊ' वगैरे भरवू नकोस, दोन महिन्यांत ते उतरतं. तो पुढे चांगला खेळला तर वर जाणारच, डंकन रॉबिन्सन डिव्हिजन थ्रीच्याच विल्यम्स कॉलेजमधून मिशिगनला गेलाच ना. जाऊ दे, फोन नंबर ठेव, त्याच्या शाळेचा कोच पुढच्या वर्षी तुलाच आधी फोन करेल.

मार्चमध्ये सेक्शनल्स, म्हणजे हायस्कूलच्या राज्य स्पर्धेचा पहिला टप्पा, सुरू होतात, तिथे सीनियर पोरांचा सीझन एका रात्रीत संपतो. हरलेल्या पोराला त्याच रात्री मेसेज टाकू नकोस, सगळे टाकतात. दोन दिवस जाऊ दे, मग फोन कर, मेसेज नको. त्या आठवड्यात मी रिकामा आहे, कुठल्या जिमला चाललायस ते कळव, मी पण येतो. गाडी तू चालव.